मोसंबीच्या लाकडाची खुर्ची

१२ मार्च २०१९

स्टूल डुगडुगतोय. चारी पाय मोजून कापले, तरी डुगडुगतोय. ज्या पायाला दोष द्यावा तो बरोबर निघतो आणि उरलेले तीन चुकलेले असतात. तासून तासून शेवटी स्टुलाचा पाट झाला, तेव्हा सुरेखा म्हणाली, आता थांबा, नाहीतर देवापुढं ठेवायच्या कामाचाही राहणार नाही. बायको आहे म्हणून ऐकून घेतो.

कंपनीनं परत ब्रेक दिलाय. एकट्या आमच्या लाइनला नाही, शेंद्र्याच्या एमआयडीसीत सगळीकडं तेच, गाड्यांच्या पार्टला उठाव नाही म्हणतात. महिन्यातले निम्मे दिवस घरी. पोरगी पुण्याला होस्टेलला. घरी बसून माणसानं करायचं काय? आधी टीव्हीवर दुपारचा तो घर सजवायचा कार्यक्रम बघायचो, त्यात एक बाई हसत हसत अर्ध्या तासात कपाट उभं करायची. मग मोबाइलवर दाढीवाला सापडला. कुठल्याशा थंड देशातला आहे. त्याच्या शेडमागं जंगल, जंगलामागं तळं. बोलतो कमी, रंधा मारतो जास्त. त्याचं अर्धं इंग्रजी मला कळत नाही, पण हात कळतात.

कंपनीच्या दिवाळीच्या डायरीत हे लिहितोय, कारण दाढीवाला सांगतो की रोजचं काम लिहून ठेवा, चुका लिहा. चुका लिहायच्या तर ही डायरी पुरायची नाही.

१९ मार्च

आजही टँकर आला नाही. शहराच्या कडेला आमच्या सातारा परिसरात नळ पोचलेलाच नाही आणि बोअर फेब्रुवारीतच आटला. समोर नवीन अपार्टमेंटचं काम मात्र जोरात, तिथं टँकर रोज रिकामे होतात. स्लॅबवर पाणी मारतात आणि आम्ही बादल्या घेऊन गेटात उभे. सुरेखानं भांड्यांचं पाणी कुंड्यांना घातलं, मी तिला म्हटलं, खामखा वाया घालवतेस.

आबांना फोन केला. माझे वडील, कारभारी. गंगापूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं एकटेच असतात. आई जाऊन तीन वर्षं झाली. विहिरीत दगड दिसतात, प्यायचं पाणी ग्रामपंचायतीचा टँकर आणतो तेवढंच, गुडघे कामातून गेलेले. म्हटलं, पावसाळ्यापर्यंत इकडं या. नेहमीचं उत्तर, "बघू." मागच्या महिन्यातही बघूच होतं. एवढा उन्हाळा ते तिथं एकटे काढणार. कुठं पडले, चक्कर आली, तर कळणार कुणाला?

सुरेखाचं म्हणणं वेगळंच. ती म्हणते, आबांना आपल्या घरात बसायला जागा कुठं आहे? खाली बसवत नाही, आणि सोफा इतका खोल की बसले की उठवायला दोघं लागतात. दिवाळीला आले होते तेव्हा तीन दिवस पलंगाच्या काठावर टेकून होते. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

म्हणजे खुर्ची पाहिजे. आबांच्या मापाची, उंच, हातांवर जोर देऊन उठता येईल अशी. विकतची आणता येते. पण विकतच्या खुर्चीसाठी आबा गाव सोडायचे नाहीत, पोरानं केलेल्या खुर्चीसाठी कदाचित सोडतील. ठरलं.

२८ मार्च

लाकडाच्या वखारीत गेलो होतो. मालक म्हणाला, "भाई, आजकल सॉलिड लकडी कौन लेता? प्लाय लेके जाओ." प्लायची खुर्ची करायची असती तर तुझ्याकडं कशाला आलो असतो? तोंडावर बोललो नाही, गाडीवर येताना बोललो.

आबांना सहज विचारलं, गावाकडं लाकूड मिळंल का. तर म्हणाले, "मोसंबीचं हाय की. बांधाला ढीग पडलाय, लागंल तेवढं ने." बाग गेली. नुसती आमची नाही, शिवारातल्या सगळ्यांच्याच बागा जेसीबीनं काढल्या. आबा हे सांगताना मध्येच म्हशीच्या बाजारभावाबद्दल बोलायला लागले. बाग मी आयटीआयला शहरात आलो त्यानंतर लावलेली. मला तिची ओळख म्हणजे वर्षाला घरी येणारी मोसंबीची गोणी.

मोसंबीचं लाकूड कसं असतं हे मोबाइलवर शोधलं. दाढीवाल्यानं लिंबाच्या जातीवर एक व्हिडिओ केलाय. टणक, बारीक रेषांचं, तासलं की गुळगुळीत, खुर्चीच्या पायांना झकास. मला लई आनंद झाला.

९ एप्रिल

आबांना परवा आणलं. खुर्चीसाठी नाही, मोतीबिंदूसाठी. दुसरा डोळाही अधू झालाय, पण आधी उजवा करायचा म्हणे. आठ दिवसांत माघारी सोडायचं कबूल करून घेतलं, तेव्हा गाडीत बसले. निघताना शेजारच्या कडुबाला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होते. दोनदा हाक मारली तेव्हा आले. किल्लीकुलपाचं सांगत असणार.

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, शिंकायचं नाही. सकाळ झाली की पहिला फोन कडुबाला, आणि एकच प्रश्न, "घातलं का रे?" दारातल्या कुत्र्याला भाकर घातली का ते विचारतात. कुत्र्याचा एवढा जीव, आणि पोरगा इथं राहा म्हणतो तर बघू.

१३ एप्रिल

गावाला जाऊन लाकूड आणलं. हात भरून आलेत, तरी आजचं आजच लिहितो.

बांधावरचा ढीग बिनकामाचा निघाला. उन्हानं तडकलेला, आणि किड्यानं पोखरून पिठूळ झालेला. पायानं दाबलं की भुगा. एवढ्या लांब येऊन हात हलवत जायचं म्हणून बेजार झालो. कडुबा घरी नव्हता, नातेवाइकाच्या लग्नाला गेलेला. मग विहिरीच्या खालच्या अंगाला गेलो, तर तिथं खोडं उभी. एकाला फांदी नाही, पान नाही, सगळं छाटलेलं, कमरेइतके नुसते खुंट. त्यांना निळसर लेप फासलेला आणि बुडाशी उसाचं पाचट अंथरलेलं. आबांना रिकामं बसवत नाही, मेलेल्या झाडांनाही रंग देत बसतात.

पण खोडं म्हणजे नमुना. सरळ, जाड, कीड नाही. दाढीवाला म्हणतो, उभं वाळलेलं झाड सगळ्यात उत्तम. क्षणभर वाटलं, विचारून घ्यावं. फोन लावला, सुरेखानं उचलला, आबांचा डोळा लागलाय म्हणाली, उठवू का? म्हटलं नको. लागेल तेवढं ने असं आबाच म्हणाले होते.

नवीन करवत होतीच, अगदी जमिनीलगत कापली म्हणजे लांबी पुरेपूर मिळते. खुर्चीला पाच-सहा पुरली असती, पण पहिल्या खुर्चीत निम्मं लाकूड वाया जातं, जास्तीचं जवळ ठेवा असं व्हिडिओत ठासून सांगितलंय. सगळी घेतली. भाड्याचा पिकअप केला.

एकच वाईट झालं. लाकूड ओलं निघालं. करवत अडकत होती, साल नखानं सुटत होती आणि खाली हिरवीगार. मोसंबीचं पान चुरगळल्यावर येतो तसा वास सुटला होता. शिवारात प्यायला पाणी नाही, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि माझ्या नशिबाला आलं तर ओलं लाकूड. आता हे वाळणार कधी आणि खुर्ची होणार कधी?

१५ एप्रिल

ओंडके पार्किंगमध्ये सावलीत रचले. वाळताना तडकू नयेत म्हणून टोकांना ऑइलपेंट लावला. आबा भिंतीला धरून खाली आले, म्हणाले काय आणलंय बघू. म्हटलं तुमच्या खुर्चीचं लाकूड. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धूसर दिसतं, म्हणून हातानं चाचपायला लागले. एका ओंडक्यावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. लेप हाताला लागला तो बोटांत चोळून बघितला. मग नखानं साल उचलली आणि नाकाशी नेली.

"वलं हाय," म्हणाले.

म्हटलं, हो ना, तोच तर वैताग आहे. दाढीवाल्याचं सगळं समजावून सांगितलं, की वाळवायचं कसं, पाणी उडतं कसं. ते ऐकत होते. मी बोलायचं थांबलो तरी तिथंच उभे. मग म्हणाले, मला वर नेऊन सोड.

१७ एप्रिल

आबा जेवत नाहीत. काल अर्धी भाकर, आज चहा. पट्टीखालून पाणी येतंय म्हणून डॉक्टरकडं नेलं. त्यांनी बघून सांगितलं, डोळा उत्तम आहे. मग बहुतेक औषधांनी तोंडाची चव गेली असेल. कडुबाला सकाळचा फोनही आता करत नाहीत. मी सुरेखाला म्हटलं, चला, कुत्र्याची काळजी तरी सुटली, रमायला लागले इथं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि पोळी करपली.

परवाच आठ दिवस भरले. जायचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

२० एप्रिल

हे लिहू का नको करत दोनदा डायरी मिटली.

सकाळी कडुबाचा फोन आला, आबांचा फोन मीच स्पीकरवर लावून दिला. कडुबा रडकुंडीला आलेला. लग्नाहून आला तो पाय मुरगळून पडून होता, आज वावरात गेला तर विहिरीखालची खोडं गायब. चोरांनी बुडातून कापून नेली, म्हणाला. मी चार दिवस नव्हतो कारभारी, माझीच चूक झाली, पोलीस पाटलाला सांगू का, असं सगळं एका दमात. मी तोंड उघडणार होतो. आबांनी हात वर केला.

"चोर नाय कडुबा. मीच तोडाया लावली. आता पानी घालू नको."

फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

मला कळेना. आबांनी मला तोडायला कुठं लावली होती? आणि पाणी कसलं? स्वयंपाकघरात जाऊन सुरेखाला विचारलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिचं माहेर पैठणकडचं, त्यांचीही बाग होती. तिला पहिल्या दिवशी ओंडके बघूनच कळलं होतं. मला कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं, असं म्हणाली.

"ती जित्ती होती. पाणी कमी पडलं की झाड असंच छाटून ठेवतात, खोड तरी जगावं म्हणून. पाऊस पडला की ते फुटतं."

सगळी बाग आबांना जगवता आली नाही. तेवढीच निवडून ठेवली होती. टँकरचं पाणी माणशी मोजून मिळतं, त्यातलं स्वतःचं तोडून तांब्या-तांब्या त्यांच्या बुडाशी घालत होते. वर पाचट, म्हणजे ओल उडू नये. तो लेप, म्हणजे उन्हानं साल करपू नये. घातलं का रे म्हणजे ते.

आबा इकडं येत नव्हते ते ह्याच्यासाठी. खुर्चीचा काही संबंध नव्हता.

२१ एप्रिल

कामावर गेलो. गाडी चुकीच्या रस्त्याला लावली.

२६ एप्रिल

आज बोललो. धीर होत नव्हता, पण रोज त्यांच्यापुढून मान खाली घालून जाणं त्याहून अवघड. पट्टी निघालीय, काळा चष्मा घालून गॅलरीत पलंगाकडून ओढलेल्या स्टुलावर बसले होते. मी केलेला दुसरा, हाही डुगडुगणारा. म्हटलं, आबा, मला माहीत नव्हतं.

"तुला कसं म्हाईत असंल? मी तरी कुठं सांगितलं."

का नाही सांगितलं, विचारलं. आबांनी समोरच्या बिल्डिंगच्या सेंट्रिंगकडं तोंड वळवलं. म्हणाले, "प्यायचं पानी खुटांना घालतो म्हनलं असतं तर तू हसला असतास."

मी हसलो नसतो, हे म्हणणं खोटं झालं असतं. हसलोच असतो. वर रागावलोही असतो, आणि पाणी थांबवून त्यांना इकडं उचलून आणलं असतं. आबा मला पुरतं ओळखून आहेत, ह्याची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

५ मे

मोबाइलवर दाढीवाल्याचा नवा व्हिडिओ आला. तळ्यात पाणी काठोकाठ, मागं पाऊस पडतोय, आणि हा ओल्या लाकडाबद्दल तक्रार करतोय. बंद केला. त्याला काय दोष देऊ? त्यानं मला आमच्या विहिरीखाली जायला सांगितलं नव्हतं.

ओंडके सरपणाला देऊन टाकू का, असं सुरेखाला विचारत होतो. ते आबांनी ऐकलं. आतून म्हणाले, "जाळू नको. तोडलीच हाय तर कर ती खुर्ची."

१४ मे

करतोय. ओलं लाकूड तासायला सोपं जातं हे दुसऱ्या एका हिंदी माणसाच्या व्हिडिओत कळलं. तो मांडी घालून, पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून तासतो. मला तसं जमत नाही, मी दोरीनं आवळतो. पायांना भोकं पाडली आणि आडव्या पट्ट्यांची टोकं त्यात ठोकून बसवली. उन्हाची तलखी एवढी की ओंडके डोळ्यांदेखत तडकतात. रंगवलेली टोकंसुद्धा फाटली. निम्मं लाकूड वाया गेलं, अगदी सांगितल्याप्रमाणं.

वास घरभर पसरलाय. आबा दार लोटून घेतात.

२ जून

खुर्ची झाली. डुगडुगत नाही. हे लिहिताना बरं वाटायला पाहिजे. बसायला सुती नवारीच्या पट्ट्या विणल्या, हात आबांच्या कोपराच्या मापाचे. गॅलरीत ठेवली. आबा आले, दोन्ही हातांवर भार देऊन बसले, उठले, परत बसले. "ब्येस झाली," म्हणाले.

शेजारचे नानासाहेब बघायला आले होते. मोबाइलवर बघून केली यावर त्यांचा विश्वास बसेना. वडिलांसाठी एवढं कोण करतं आजकाल, असं आबांना म्हणाले. आबा म्हणाले, "पोरानं लई जीव लावून केली." ते टोमणा मारत नव्हते. आबांना टोमणे मारता येत नाहीत. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि बाथरूमची कडी लावून रडलो.

१८ जुलै

गावाकडं बऱ्यापैकी पाऊस झालाय. डॉक्टरांनी आबांना कधीच मोकळं केलंय. मी दोनदा विचारलं, सोडून येऊ का? जून महिन्यात म्हणाले, बघू. आज तेही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी कडुबाचा फोन आला. विहिरीखालच्या बुडख्यांना फुटवे आलेत, हिरवेगार, वीतभर. मी जिन्यावरून पळतच वर आलो. आबांना सगळं सांगितलं. म्हटलं, चला, उद्याच जाऊ, मी सुट्टी टाकतो, जेवढी जगली तेवढी जगवू.

आबांनी चष्मा काढून पुसला.

"ती मोसंबी नाय सोमनाथ. मोसंबीचं कलम जंबेरीवर बांधत्यात. तू कलमाच्या खालून कापलं. आता फुटंल ती जंबेरी."

जंबेरी म्हणजे आंबट रानलिंबू, त्याला कुणी तोंड लावत नाही. एवढंच मला विचारावं लागलं. मग नवीन रोपं लावू म्हटलं. लाव की, म्हणाले. तुम्हीही चला ना. तर म्हणाले, फळ धरायला पाच-सहा वर्षं लागत्यात, तू लाव, मी हितंच बरा हाय.

मार्चपासून मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं.

४ ऑगस्ट

कंपनी पुन्हा पूर्ण सुरू झाली. सकाळी निघतो तेव्हा आबा गॅलरीत खुर्चीवर बसलेले असतात, संध्याकाळी येतो तेव्हाही खुर्चीवरच. म्हणून आज जेवताना सुरेखाला म्हणालो, काही का असेना, बसायची तरी सोय झाली त्यांची, गुडघ्यांना आराम मिळतोय.

तिनं ताटातली भाजी इकडची तिकडं केली. म्हणाली, तुमची गाडी वळणावर गेली की आबा खुर्चीवरून उठतात आणि दिवसभर खाली फरशीवर बसतात. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की मला हाक मारतात. त्यांना एकट्यानं उठवत नाही, म्हणून मी हात देते आणि परत खुर्चीवर बसवते.